तुम्ही विचारलंत म्हणून: या रेडिओची रेंज किती?

फोनवर, साइटवर, निविदेआधीच्या बैठकीत, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला एकच प्रश्न येतो: "मॅडम, तुमचा हा रेडिओ किती किलोमीटर जातो?" रेडिओ म्हणजे गाण्यांचा नव्हे, टाकीची पातळी पंपाला बिनतारी कळवणारा. मी लगेच आकडा सांगत नाही. मग समोरच्याला वाटतं, हिला माहीत नाही, नाहीतर ही काहीतरी लपवतेय. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

खोक्यावर "१५ किमी" छापलेलं असतं आणि ते खोटं नसतं. दोन्ही अँटेना उंच असतील आणि मध्ये काही आडवं नसेल, तर त्याहून जास्तही जातं. पण रेंज त्या खोक्याची नसते, दोन टोकांमधल्या जमिनीची असते. मी आकडा देते तो त्या जमिनीचा, आणि ती पाहिल्याशिवाय देत नाही.

हा हट्ट कुठून आला, ते सांगायला हवं. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका पाणी योजनेचं काम होतं. नदीकाठी जॅकवेल (पाणी उपसायची विहीर, पंप तिथेच), डोंगरावर टाकी, अंतर ६ किलोमीटर. टाकीतली पातळी जॅकवेलला कळायची आणि त्यावर पंप चालू-बंद व्हायचा. हिशोब सरळ होता. आमचा रेडिओ ८६६ मेगाहर्ट्झचा; त्या लहरीचे ६ किलोमीटर मोकळ्या हवेत सुमारे १०७ डेसिबल (सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) खर्ची पडतात. अर्ध्या वॅटचा रेडिओ, दोन्हीकडे ६-६ डेसिबल भर घालणाऱ्या यागी अँटेना आणि केबलमध्ये जाणारे ३ डेसिबल धरले की पलीकडे उणे ७१ डीबीएम पोचायला हवं. (डीबीएम म्हणजे सिग्नलची ताकद; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल क्षीण.) रिसीव्हर उणे १०४ पर्यंत ऐकत होता. म्हणजे हाताशी ३३ डेसिबल शिल्लक.

पण जॅकवेलपासून एक किलोमीटरवर सागाचं टेकाड आडवं होतं. रेडिओची लहर ताणलेल्या दोरीसारखी जात नाही, तिला रेषेच्या चहूबाजूंनी जागा लागते. त्या ठिकाणी या जागेची, म्हणजे फ्रेनेल झोनची, त्रिज्या १७ मीटर येते आणि त्यातले निदान साठ टक्के, म्हणजे १० मीटर, मोकळे हवेत. तेवढी जागा सागाच्या शेंड्यांवर मिळावी म्हणून मी ड्रॉइंगमध्ये जॅकवेलवर अँटेनासाठी १८ मीटरचा मास्ट, म्हणजे उंच खांब, दाखवला, ताणाच्या तारा, अर्थिंग, सगळ्यासकट.

प्रत्यक्षात लागला तो ६ मीटरचा पाइप. कंत्राटदाराचं म्हणणं सोपं होतं: "रेडिओ १५ किलोमीटरचा, आपलं अंतर सहा. अडीचपट आहे की! मास्टला पैसे कशाला?" बैठकीत हे सगळ्यांना पटलं. मी विरोध केला, लेखी दिलं. मे महिन्यात चाचणी झाली. पडद्यावर पातळीचे आकडे आले आणि सह्या झाल्या. मी मोजलं तेव्हा उणे ८४ येत होतं. मी म्हटलं, हिशोबापेक्षा १३ डेसिबल कमी आहेत, ते कुठे गेले ते शोधा. उत्तर मिळालं: "डेटा येतोय ना?"

मे महिन्यात साग निष्पर्ण असतो. पाइपाची उंची १२ मीटरने घटल्यावर टेकाडावरची रेषा १० मीटर खाली आली होती, थेट शेंड्यांमध्ये. जून-जुलैत त्याच फांद्यांवर सुपाएवढी पानं आली आणि ती दिवसरात्र ओली राहू लागली. ऑगस्टात सिग्नल उणे १०० च्या आसपास हेलकावे खात होता. लिंक तुटली की पंप बंद पडे. गावांना पाणी मिळेना, तेव्हा वरून तोंडी हुकूम आला: पंप हाताने चालवा आणि टाकीची पातळी माणूस जाऊन बघू दे.

तो माणूस म्हणजे टाकीवरचे ऑपरेटर. सगळे त्यांना आबा म्हणायचे. निवृत्तीला आले होते. रात्री बॅटरी घेऊन डोंगर चढायचा, टाकीत डोकवायचं, मग फोनला जिथे रेंज मिळेल तिथपर्यंत खाली उतरून जॅकवेलला कळवायचं. एका रात्री शेवाळलेल्या पायरीवरून त्यांचा पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. सकाळी दूधवाला त्या वाटेने गेला तेव्हा ते सापडले.

अहवालात दोन कारणं लिहिली गेली: अतिवृष्टीमुळे सिग्नल खंडित, आणि ऑपरेटरची निष्काळजी. पहिलं वाचून माझं डोकं फिरलं, दुसरं वाचून झोप उडाली. पावसाच्या थेंबांनी ८६६ मेगाहर्ट्झचं काही बिघडत नाही. पाऊस खातो तो साधारण १० गिगाहर्ट्झच्या वरच्या लिंकना. आमची लिंक ओल्या पानांनी खाल्ली, आणि ती पानं रेषेत आली कारण मास्ट कापला. मी पत्र लिहिलं, आकडे जोडले. ते फाइलला लागलं. मी दवाखान्यात गेले तर आबाच म्हणाले, "ताई, तुमचा मास्ट असता तर मला चढावं लागलं नसतं, होय ना?" मी हो म्हटलं.

पुढच्या वर्षी मास्ट बसला. त्या ऑगस्टात उणे ७२ आलं. म्हणजे १२ मीटर लोखंडाने सुमारे २८ डेसिबल दिले. "पॉवर वाढवा" म्हणणाऱ्यांसाठी सांगते: ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला, पण ट्रान्समीटरला मर्यादा १ वॅटची. अर्ध्याचा एक वॅट केला तर मिळतात ३ डेसिबल.

पूर्वीची मी म्हणाली असती: ड्रॉइंग बरोबर होतं, विरोध लेखी होता, माझं काम संपलं. कागदावर ते आजही खरं आहे. पण दुसरी बाजूही मला सोडत नाही. मास्ट कापला जाईल हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. मग असं डिझाइन करावं का, की मास्ट कापायला कुणी धजणारच नाही? टेकाडावर सौर पॅनेलचा रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारा रेडिओ) टाकला असता तर उंची कमी चालली असती, पण तिथे बॅटरी चोरीला जाते. रेडिओऐवजी मोबाइलचं सिम टाका म्हणता? टाकते, जिथे वीज गेल्यावरही टॉवर टिकतो तिथे मीच टाकते. त्या टाकीवर तर फोनच लागत नव्हता. लोरा, म्हणजे कमी पॉवरवर लांब जाणारा सावकाश रेडिओ? एसएफ १२ या त्याच्या सगळ्यात सावकाश सेटिंगवर तो फार क्षीण सिग्नलही ऐकतो, पण वेग सेकंदाला ३०० बिटांच्याही खाली जातो, आणि त्याच्याही खोक्यावर १५ किमीच छापलेलं असतं.

आणि हेही खरं, की साग पावसाळ्यात नेमके किती डेसिबल खाईल हे मी आधी छातीठोक सांगू शकत नाही. झाडांमधून जाणाऱ्या रेषेला मी २० धरते. कुणी म्हणतं ते फार झाले, कधी ते कमीही पडतात. आकडा मागणाऱ्याची अडचणही मला कळते. निविदेत काहीतरी लिहावंच लागतं आणि "जमीन बघून सांगते" असं लिहिता येत नाही.

म्हणून आता मी किलोमीटरऐवजी दुसरी अट घालते: मोजलेला सिग्नल हिशोबाच्या ६ डेसिबलच्या आत आला नाही तर सही नाही, आणि अंतिम चाचणी ऑगस्टात. पहिली अट कधीकधी मान्य होते. दुसरीवर वाद होतो, कारण बिलं मार्चमध्ये निघतात आणि उद्घाटनं मेमध्ये होतात. सध्याच्या योजनेतही ती अट मी घातली आहे. अजून त्यांचं उत्तर आलेलं नाही.