ब्लेनमच्या बागेत अण्णा

वेलिंग्टनहून फेरी सुटली आणि कुक सामुद्रधुनीच्या वाऱ्यात अण्णांची टोपी दोनदा उडता उडता वाचली. साडेतीन तासांनी पिक्टन आणि तिथून अर्ध्या तासावर ब्लेनम. एप्रिलचा पहिला आठवडा होता. आमच्या निफाडकडे या दिवसांत द्राक्षांची काढणी उरकून वेलींची खरड छाटणी चालते. न्यूझीलंडच्या या मार्लबरोत मात्र काढणी जोरात होती. रात्री मोटेलमध्ये झोपलो तरी यंत्रांची घरघर ऐकू येत होती. रात्रीच्या गारव्यात द्राक्षं चांगली राहतात म्हणून अंधारातच काढतात.

सकाळी वायराऊ खोऱ्यातल्या एका बागेत गेलो. "मांडव कुठंय?" अण्णांचा पहिला प्रश्न. मांडव नाहीच. तारांवर सरळ उभे वेल, घड कमरेच्या उंचीला आणि वर पाखरांसाठी जाळी. खाली नदीचे गोटे. "यात आपल्याकडं कुणी मेथीसुद्धा टाकणार नाही," अण्णा म्हणाले. पण हेच गोटे पाण्याचा निचरा करतात, त्यामुळे वेल पानांत माजत नाही. 1973 साली इथे मोठी लागवड सुरू झाली, त्याआधी या भागात मेंढ्या चरायच्या.

अण्णांनी एक मणी तोंडात टाकला. बारीक, बियांचा, आमच्या खायच्या थॉमसन द्राक्षापेक्षा गोड आणि तरी आंबट. "साखर भरली, मग आंबट कसं?" समुद्र जवळ असल्याने उन्हाळा तापत नाही आणि रात्री गार पडतात. त्यामुळे साखर चढत असतानाही आम्ल जळून जात नाही. आपल्याकडच्या उन्हात ते झपाट्याने उतरतं.

रांगांमध्ये मोठाले पंखे उभे होते. वसंतात कोवळ्या फुटीवर दव गोठतं, तेव्हा ते वरची उबदार हवा खाली ढकलतात; कधी हेलिकॉप्टरही फिरवतात. निफाडला पारा चार-पाचवर आला की आम्ही बागेत रात्रभर शेकोट्या पेटवतो. "आपलं पाचट बरं," अण्णा हसले. "डिझेल तरी लागत नाही."

मग वाइनचं टेस्टिंग. अण्णा माळकरी, त्यामुळे घोट मी घ्यायचा आणि वास त्यांनी. वायराऊची सोव्हिन्यों ब्लां ही पांढरी वाइन, पॅशन फ्रुट आणि लिंबाकडे झुकणारी. बहुतेक स्टीलच्या टाकीत, लाकडाशिवाय केलेली, म्हणून फळाचा वास स्वच्छ येतो. पिनो न्वार ही लाल वाइन मी पटकन उरकली, खरं सांगायचं तर तिचं कौतुक मला अजून कळलेलं नाही. शेवटचा ग्लास दक्षिणेकडच्या, जास्त थंड अवातेरे खोऱ्यातल्या सोव्हिन्यों ब्लांचा. अण्णांनी नाक लावलं आणि थबकले.

"टोमॅटो बांधताना हाताला येतो ना, तो वास."

मी इंग्रजीत सांगितल्यावर टेस्टिंगवाली बाई चमकली. अवातेरेच्या वाइनचं वर्णन करताना टोमॅटोच्या पानाचंच नाव घेतात म्हणे! अण्णांना त्याचं काही नाही. त्यांनी विचारलं, "टनाला भाव काय देतात?"

आकडा ऐकल्यावर रुपयांचा हिशेब त्यांनी माझ्याकडून दोनदा करून घेतला.