तिरकामठा, कडबा आणि ग्रंथालयाचं कपाट

या स्मरणिकेत शिक्षकांच्या आठवणी भरपूर येतील, त्यामुळे मी शाळेच्या वेळापत्रकात कधीच नसलेल्या विषयावर लिहितो. तिरंदाजीवर. गोष्ट 1992 च्या सुमाराची. नंदुरबार जिल्हा व्हायचा होता, शहादा-तळोदा-धडगाव सगळे धुळ्यातच मोडायचे. त्या वर्षी सूचनाफलकावर वर्तमानपत्राचं एक कात्रण लागलं होतं. राजस्थानच्या लिंबाराम यांनी बीजिंगमध्ये 30 मीटरवर 360 पैकी 358 गुण मिळवून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली होती. छत्तीस बाण आणि गेले फक्त दोन गुण! माझ्या बाकावर बसणारा वसतिगृहातला मित्र धडगावकडचा, भिल्ल. त्यानं कात्रण दोनदा वाचलं आणि म्हणाला, "हा आमच्यातलाच दिसतो." दिवाळीच्या सुट्टीहून येताना त्यानं घरचा तिरकामठा आणला.

मुख्याध्यापकांनी तो जप्त केला नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. अटी मात्र घातल्या. शाळा सुटल्यावरच, मैदानाच्या मागच्या बांधाकडे तोंड करून, पी.टी.चे सर हजर असताना, आणि लोखंडी फाळाचा एकही बाण शाळेच्या आवारात नको. शिपाईमामांनी कडब्याच्या पेंढ्या आवळून बांधून दिल्या, त्यावर गोणपाट आणि गोणपाटावर चुन्याची वर्तुळं.

कामठा म्हणजे भरीव मानवेलाची चीप. मित्राचे वडील बांबू पावसाळा सरल्यावर, तोही अंधाऱ्या पंधरवड्यात तोडत, म्हणजे कीड लागत नाही असं ते मानत. त्याची दोरीसुद्धा दोरी नव्हतीच. बांबूच्या सालीची पातळ, चिवट पट्टी आणि तिच्या दोन्ही टोकांना सुताचे फास. बाण बोरूचे, त्यांना गळून पडलेली मोरपिसं बांधलेली. मी पहिल्यांदा ओढला तेव्हा कामठा जेमतेम वाकला. मित्र मात्र बोलता बोलता ओढायचा.

तो शिकवायचा म्हणजे काय करायचा? स्वतः मारून दाखवायचा आणि म्हणायचा, "असं." मी विचारायचो, असं म्हणजे कसं? तो पुन्हा मारून दाखवायचा. लहानपणापासून जे हातात मुरलेलं असतं त्याचं वर्णन करायची त्याला गरजच कधी पडली नव्हती. म्हणून मी कपाटाकडे वळलो.

आपल्या ग्रंथालयाचं ते लोखंडी कपाट आठवत असेल, किल्ली संस्कृतच्या सरांकडे असायची. त्यात अग्निपुराण निघालं. त्यातल्या 249 ते 252 या अध्यायांत धनुर्वेद आहे, हे सरांनी सांगितलं आणि मधल्या सुट्टीत श्लोकांचा अर्थही लावून दिला. चार हातांचं धनुष्य श्रेष्ठ, साडेतीनचं मध्यम, तीनचं कनिष्ठ. उभं राहण्याच्या पद्धती मोजून सांगितलेल्या: वैशाख स्थानात दोन पावलांत तीन विती अंतर, आलीढात पाच विती, आणि आलीढाचा आकार नांगरासारखा. आम्ही मैदानावर खरंच वितींनी मोजून उभे राहिलो. पाच वितींवर उभं राहून मित्र हसत सुटला. त्याच्या मते एवढे पाय फाकवणारा माणूस डोंगरउतारावर पहिल्याच पावलाला खाली जाईल. मला मात्र आलीढ आवडला, कारण त्यात कंबर हलत नाही.

दुसरं पुस्तक पी.टी.च्या सरांचं, इंग्रजी, पातळ, आकृत्यांचं. ते ऑलिंपिकच्या धनुष्यासाठी लिहिलेलं, आमच्या कामठ्याशी त्याचा काही संबंध नव्हता. पण माझी सर्वात मोठी अडचण त्यानंच सोडवली. बाण सुटला की ती सालीची पट्टी माझ्या डाव्या कोपराच्या आत असा फटका द्यायची की हात निळा पडे. मित्राला फटका कधीच बसत नसे आणि का बसत नाही हे त्याला सांगता येत नसे. पुस्तकात लिहिलं होतं: धनुष्य धरलेला हात न हलवता कोपर फिरवा, कोपराचा खळगा आकाशाकडे राहू नये. हात न हलवता कोपर फिरवायचा कसा, काही केल्या कळेना. शेवटी नववीच्या वर्गाच्या भिंतीला डावा तळवा टेकवून उभा राहिलो. तळवा जागच्या जागी, खांदा खाली, आणि फक्त कोपर बाहेरच्या बाजूला वळवत राहिलो. खळगा वरून आडवा झाला, दंडाखालचा मांसल भाग दोरीच्या वाटेतून बाजूला सरकला. संध्याकाळी मैदानावर तसाच हात धरला आणि पट्टी हाताला न लागता गेली. मित्रानं माझा कोपर बघितला, मग स्वतःचा बघितला. त्याचाही तसाच वळलेला होता. "हां, हेच तर सांगत होतो," असं तो म्हणाला, आणि मी वाद घातला नाही.

उलटही घडायचं. दोरी हातानं नव्हे, पाठीनं ओढा, खांद्याची पाती जवळ आणा, असं पुस्तक सांगे. मी पाती जवळ आणण्याच्या नादात मान आखडून घ्यायचो. मित्र मागून येऊन पाठीवर, मणक्याच्या बाजूला, बोट टेकवायचा आणि म्हणायचा, "माझं बोट चिमटीत धर." तेवढ्यानं काम व्हायचं. नेम धरून फार वेळ थांबलो की तो खेकसायचा, "आते सोड!"

तो दोरी तर्जनी आणि मधल्या बोटानं ओढायचा. अंगठा लावायचा नाही. विचारलं तर म्हणे, एकलव्याची आण आहे. भिल्लांमध्ये हे पुष्कळ ठिकाणी सांगतात. मला तेव्हा ते भारी वाटलं. पुढे महाभारताचं आदिपर्व मुळातून वाचलं तर तिथे आहे की अंगठा दिल्यावरही एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण मारत राहिला, फक्त पहिली चपळाई राहिली नाही. तुर्क, मंगोल, मुघल अंगठ्यानं दोरी ओढत आणि त्यासाठी अंगठ्यात खास कडं घालत. ऑलिंपिकमधले धनुर्धर तीन बोटांनी ओढतात, अंगठा दोरीला लावत नाहीत. द्रोणांनी मागितला तो अंगठा दोरी ओढणाराच असला पाहिजे, नाहीतर ती गुरुदक्षिणा मागण्यात अर्थ काय? हा माझा तर्क, जाणकारांनी खोडावा.

नोकरीच्या निमित्तानं पुण्यात आल्यावर वाचन वाढलं. इंग्लंडच्या रॉजर ॲस्कमनं 1545 मध्ये लिहिलेल्या पुस्तकात तिरंदाजीचे पाच भाग सांगितलेत: उभं राहणं, बाण दोरीला लावणं, ओढणं, धरणं, सोडणं. पिसांवर त्यानं इतकं लिहिलंय की मित्राच्या वडिलांची आठवण आली. तेही एका बाणाला एकाच बाजूच्या पंखाची पिसं लावत, मिसळ केलेली त्यांना खपायची नाही. आणि बाण कामठ्याच्या बाजूनं जाऊनही सरळ कसा लागतो, हे कोडंही त्याच काळातल्या वाचनात कुठेतरी सुटलं. 1930 च्या दशकात अमेरिकेत वेगवान कॅमेऱ्यानं टिपलेल्या चित्रफितींत दिसलं की सुटताना बाण वाकतो, धनुष्याला वळसा घालतो आणि डुलत डुलत सरळ होतो. म्हणून बाणाचा ताठपणा धनुष्याच्या जोराला जुळावा लागतो. मित्राचे वडील प्रत्येक बोरू दोन्ही टोकांना धरून जरासा वाकवत आणि काही बोरू न बोलता चुलीत टाकत, ते यासाठी.

आता चित्र पालटलंय. 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले. त्यांचं कंपाउंड धनुष्य म्हणजे टोकांना कप्पीसारखी चाकं असलेलं, त्याचं तंत्र वेगळं. त्या वाटेनं जाऊ पाहणाऱ्या मुलांनी जरूर जावं. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेत तिरकामठ्याला जागा नसावी हे मला पटत नाही. मित्र आता धडगावला शेती करतो, त्याचा मुलगा उत्तम कामठे बनवतो. सुवर्णमहोत्सवी वर्षात आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवावी, अशी व्यवस्थापनाला विनंती. कामठे आणि बोथट बाण आम्ही दोघं आणू. अग्निपुराणाच्या त्या चार अध्यायांची छायाप्रत आणि अर्थ लिहिलेली माझी वही ग्रंथालयाला देतो. कडबा मात्र शाळेनं बघावा, यंदा तो फार महाग आहे.