फ्लिक-आं-फ्लाकला रविवारीच जा

मॉरिशसला जाऊन आलेला प्रत्येक जण आम्हाला बजावत होता, "रविवारी सार्वजनिक बीचवर जाऊ नका, गर्दी असते." आमच्या हॉटेलातही तेच ऐकायला मिळालं. पोर्ट लुईचा बाजार, आप्रवासी घाट, शामारेलची रंगीत माती, गंगा तलाव हे सगळं रीतसर पाहून झालं, आवडलंही. पण मला लिहायचंय ते त्या गर्दीच्या रविवाराबद्दल, कारण त्या दिवशी सासूबाई समुद्रात उतरल्या.

फ्लिक-आं-फ्लाक हा सार्वजनिक बीच मॉरिशस बेटाच्या पश्चिमेला आहे. वारे येतात आग्नेयेकडून आणि मधल्या डोंगरांवर अडतात, त्यामुळे पूर्व किनारा वाऱ्याने झोडपला जात असताना ही बाजू कोरडी आणि उबदार असते. क्वात्र बोर्न या गावाहून आम्ही साधी बस धरली. बसमध्ये आमच्याआधी पातेली चढली होती! बिर्याणीची मोठी पातेली, चटया, बर्फाचे डबे, एक रावान म्हणजे सेगा या इथल्या लोकसंगीताला लागणारा तो मोठा चपटा डफ, आणि आज्यांपासून तान्ह्या बाळापर्यंत अख्खी घरं.

उतरलो तर समोर सुरूचं बन. काशीदला किंवा गुहागरला असतं तसंच, फक्त इथे प्रत्येक झाडाखाली एकेक कुटुंब संसार मांडून बसलेलं. तिकीट नाही, खुर्चीचं भाडं नाही, "इथे बसू नका" म्हणणारं कुणी नाही. मॉरिशसमध्ये किनाऱ्याची वाळू सगळ्यांची, कायद्यानेच. हॉटेल कितीही मोठं असलं तरी भरतीच्या रेषेखालची वाळू त्याला स्वतःची म्हणता येत नाही.

सासूबाईंचं माहेर गुहागर. जन्म समुद्राकाठी गेला, पण घोट्याच्या वर पाणी त्यांनी कधी घेतलं नव्हतं. आपल्याकडे लाट पायाखालची वाळू ओढून नेते, ही भीती खरीच. पण दुसरं कारण त्यांनी मला तिथे सुरूखाली बसून सांगितलं. भिजलेलं लुगडं बदलायचं कुठे? चार पुरुषांसमोरून तसंच घरापर्यंत चालत जायचं? म्हणून त्यांच्या आईने पोरींना कधी समुद्रात सोडलं नाही.

मॉरिशसभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा तिथेच, लांबवर फुटतात; किनाऱ्यापाशी पोहोचतं ते शांत, कोमट पाणी. (दक्षिणेला ग्री-ग्रीला ही भिंत तुटते. तिथला समुद्र असा खवळलेला असतो की पोहायला उतरायचंच नाही.) तळाशी प्रवाळाचे तुकडे पायाला टोचतात, समुद्री साळूचे काटेही असतात, म्हणून इथली माणसं रबरी बूट घालून उतरतात. माझी मुलगी तर सकाळपासून पाण्यातच होती. सासूबाई बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग शेजारच्या झाडाखालच्या एक आजी, सत्तरीच्या तरी असतील, फुलाफुलांच्या फ्रॉकमध्ये तुरुतुरु पाण्यात शिरल्या आणि कमरेइतक्या पाण्यात फतकल मारून बसल्या. त्यांनी सासूबाईंकडे बघून हात हलवला, "विनी, विनी!" म्हणजे 'या, या!'

आणि सासूबाई गेल्या. माझा पंजाबी ड्रेस घालून, माझा हात धरून, एकेक पाऊल टाकत. गळ्यापर्यंत पाणी आलं तेव्हा त्यांनी माझा हात सोडला. त्यांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. तासभर त्या बाहेर यायला तयार नव्हत्या. नंतर गोड्या पाण्याचा शॉवर होता, आडोशाला कपडे बदलायची स्वच्छ जागा होती. त्या शांतपणे तयार होऊन, वेणी घालून आल्या.

तोवर आजींच्या घरच्यांनी आमच्यासाठी जागा करून ठेवली होती. "मांझे, मांझे," म्हणत ताटल्या पुढे आल्या. ढोल पुरी खायची ती जोडीनेच, मध्ये पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. हरभऱ्याची डाळ भरलेली ही पोळी म्हणजे गुळावाचूनची पुरणपोळीच. सासूबाईंनी ती उलटून-पालटून पाहिली आणि म्हणाल्या, "लाटलीय छान हो, ताई." आजी एकदम थांबल्या. मग अडखळत, शाळेत शिकलेल्या मराठीत विचारलं, "तुम्ही रत्नागिरीचे का?"

त्यांचे पूर्वज ऊसमळ्यांवर मजुरीला आले होते, मुंबईहून जहाजाने. गाव कुठलं ते घरात आता कुणालाच ठाऊक नाही, फक्त जिल्हा उरलाय. घरात सगळे क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली बोली, बोलतात. पण गणपतीत रात्रभर ढोलकीवर जाखडी नाचतात आणि मूर्ती याच समुद्रात सोडतात, असं आजींनी सांगितलं. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. त्यांच्या बारा-तेरा वर्षांच्या नातवाने आरती म्हणून दाखवली, एकही शब्द न चुकता. सासूबाई टाळ्या वाजवत साथ देत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. चिंचेच्या तिखट पाण्यात बुडवलेला अननस त्यांच्या हातात तसाच राहिला.

संध्याकाळी आम्ही किनाऱ्याने दक्षिणेकडे चालत गेलो. एका मोठ्या हॉटेलासमोर रखवालदाराने आम्हाला खुणेने खाली, ओल्या वाळूवर उतरायला लावलं. आमच्यामागून येणाऱ्या एका स्थानिक बाईला मात्र ते पटलं नाही, तिने त्याला चांगलंच सुनावलं. मला तिचा फार अभिमान वाटला. बेटाच्या दक्षिण टोकाकडे पोम्पोनेतचा सार्वजनिक किनारा हॉटेलासाठी द्यायचं ठरलं, तेव्हा 'आरेत कोकें नू लाप्लाझ', म्हणजे 'आमचे किनारे चोरणं थांबवा', म्हणत माणसं तिथे ठाण मांडून बसली होती. रविवारची ती पातेली पाहिली की कळतं, ती माणसं कशासाठी भांडत होती.

आपल्याकडे सुरू आहे, वाळू आहे, माणसंही आहेत. पण गाड्या वाळूवर पोरांच्या अंगावर येतात, आणि बाईला कपडे बदलायला धड चार भिंती मिळत नाहीत. गुहागरला तशी एक खोली कुणी बांधून ती स्वच्छ ठेवली, तर सासूबाई मे महिन्यात त्यांच्या बहिणींना घेऊन जाणार आहेत. दोघीही ऐंशीच्या आसपास आहेत, तेव्हा जरा लवकर व्हावं.