बॅटरी सेव्हर आणि मोहाचं झाड

२०१५ च्या मार्चअखेरची गोष्ट, गडचिरोली जिल्ह्याच्या कुरखेडा तालुक्यातला एक टोला, वीस-बावीस घरं. मी तेव्हा एका संस्थेत जीपीएसचं काम बघायचो. म्हणजे जबरानजोतवाले लोक, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलाची जमीन कसणारे, त्यांचे वनहक्काचे दावे तयार करायचे, त्यासाठी हातातलं यंत्र घेऊन जमिनीभोवती फिरायचं, कोपऱ्या-कोपऱ्यावर पॉइंट घ्यायचा आणि नकाशा काढून फायलीला जोडायचा. मी मूळचा वर्धेकडचा, पऱ्हाटी-तुरीतला माणूस, धानाच्या बांधीतलं मला काही कळत नव्हतं पण यंत्रातलं सगळं कळतं असा माझा पक्का समज होता.

सकाळी गाडी लावली तर ग्रामसभेच्या अध्यक्षांच्या अंगणात दोन चुलतभाऊ बसलेले. खाट एकच, एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मधे आमचेच दोन नकाशे. दोघांच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, लागून आहेत आणि मधे धुरा, म्हणजे हद्दीचा बांध. दोघांच्या आज्यानं जंगल तोडून केलेली जमीन, वाटणी होऊन तीस वर्षं झाली तरी धुऱ्यावरून कधी आवाज नाही. आता दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले तर धुऱ्याच्या जागी रेघेऐवजी पट्टाच दिसत होता, आठ-नऊ मीटर रुंद आणि एकशेतीस मीटर लांब, म्हणजे पाव एकराच्या वर जमीन दोघांच्याही नावावर. आणि त्या पट्ट्यात बरोबर मोहाचं झाड. मार्चअखेर म्हणजे मोहफुलांचा ऐन हंगाम, तेव्हा त्या झाडाची किंमत मी वेगळी सांगायला नको.

थोरला मला एवढंच म्हणाला, "सायेब, आमच्यात कदी भांडन नोयतं. तुमच्या मशीननं लावलं."

सोबत वनरक्षक होता, चांगला माणूस, तो म्हणाला अहो थोरल्याची मोजणी पावसाळ्यात झाली, ढग होते, म्हणून फरक. हे मी तेव्हाही शंभरदा ऐकलं होतं. ढगांचं जीपीएसला काही घेणंदेणं नाही हो, त्या लहरी ढगातून आरामात खाली येतात. मोजणीची तारीख बघितली तर थोरल्याची ऑगस्टमधली, झाडं पानांनी गच्च भरलेली असतानाची. ओल्या पानांत सिग्नल अडतो, इकडे-तिकडे आपटून येतो, तेवढी चूक मला समजत होती. पण धाकट्याची मोजणी आठ दिवसांपूर्वीची, झाडं उघडीबोडकी, वर आभाळ मोकळं. वेळ दुपारी दोन. त्याचे पॉइंट का सरकावेत?

मग मी यंत्र हातात घेऊन सेटिंगमध्ये गेलो आणि माझ्या पोटात गोळा आला.

बॅटरी सेव्हर चालू होता. तो कोणी लावला, तर मीच सांगितला होता, प्रशिक्षणात, गावोगावच्या पोरांना, की इथं लाइट नसते, सेल बाजारातून आणावे लागतात, तर बॅटरी सेव्हर लावत जा. सेल दीडपट टिकायचे आणि मला आपली हुशारी वाटायची. आमच्या त्या यंत्रात बॅटरी सेव्हर लावला की गगन बंद होतं हे माहितीपुस्तकात लिहिलेलं होतं. मी ते पान वाचलेलं नव्हतं.

आता गगन म्हणजे काय ते सांगतो, कारण आजही लोक गगन आणि नाविक एकच समजतात. नाविक ही आपली स्वतःची उपग्रहांची माळ, जीपीएससारखीच पण आपल्या भागापुरती. गगन वेगळं, ते अमेरिकेच्या जीपीएसमधली चूक सुधारून देतं, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं मिळून केलंय ते, मुख्यतः विमानांसाठी. देशात पंधरा ठिकाणी त्याची केंद्रं आहेत आणि त्यातलं एक आपल्या नागपुरात, टोल्यापासून सरळ रेषेत सव्वाशे-दीडशे किलोमीटर. त्या केंद्राला स्वतःची जागा अगदी नेमकी माहीत असते, जीपीएस काय सांगतंय ते बघायचं, आणि किती चुकतंय ते बंगळुरूला कळवायचं. तिथं सगळ्या केंद्रांचा हिशोब होऊन दुरुस्ती वर उपग्रहाला जाते आणि छत्तीस हजार किलोमीटरवरून आपल्या हातातल्या यंत्रात उतरते, तीही जीपीएसच्याच लहरीवर, वेगळा अँटेना नको की सिमकार्ड नको. जिथं मोबाइलला एक कांडी दिसायची मारामार तिथं ही गोष्ट केवढी मोठी आहे बघा.

आणि चूक होते कुठं, तर बरीचशी आयनोस्फियरमध्ये, जमिनीपासून शेकडो किलोमीटर वर, उन्हानं भारलेला थर असतो तो. त्यातून येताना सिग्नलला उशीर होतो. सेकंदाचा दहा कोटीवा भाग जरी उशीर झाला तरी अंतरात तीन मीटर गेले. जीपीएस स्वतः एक ढोबळ दुरुस्ती पाठवतं पण ती साधारण निम्मीच चूक काढते, आणि भारताच्या वर हा थर युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त दाट आणि लहरी, त्यातही दुपारी दोनच्या सुमारास सगळ्यात जाड. आमच्या पोरानं नेमकी तीच वेळ धरलेली, कारण सकाळी घरचे सगळे मोह वेचायला गेलेले असतात!

हे सगळं मी खाटेवर बसून सांगायचा प्रयत्न केला. कोणी ऐकलं नाही, बरोबरच आहे. मग म्हटलं दाखवतोच.

शाळेसमोर झेंड्याचा कट्टा आहे, त्यावर दोन यंत्रं शेजारी-शेजारी ठेवली. एकात बॅटरी सेव्हर तसाच, दुसऱ्यात काढलेला आणि गगन चालू. उपग्रहांच्या पानावर थोड्या वेळानं ४० आणि ४१ नंबर उगवले. ते आमच्या यंत्राचे नंबर, खरे नंबर १२७ आणि १२८, गगनची दुरुस्ती पाठवणारे जीसॅट-८ आणि जीसॅट-१० हे उपग्रह. आणि मग एकेका उपग्रहाच्या काळ्या पट्टीवर बारीक 'डी' अक्षर यायला लागलं, म्हणजे त्या उपग्रहाला दुरुस्ती लागली. शाळेतली पोरं भोवती गोळा, "आला, आनखी एक डी आला" असं मोजत बसली. दर अर्ध्या तासानं दोन्हीकडचे आकडे मी वहीत लिहिले आणि एका पोराला खडूनं कट्ट्याखालच्या फरशीवर ठिपके काढायला लावले, मीटरला एक वीत असं माप धरून. दुपारी अडीचपर्यंत बिनगगनवाल्याचे ठिपके सहा-सात विती सरकले होते. गगनवाले दोन वितींच्या आत घुटमळत होते. धाकटा तो ठिपका बघून बराच वेळ उकिडवा बसला, मग म्हणाला, "म्हंजे माजी बांधी दुपारी चालते का?" सगळे हसले, थोरलाही हसला, सकाळपासून पहिल्यांदा.

(त्या संध्याकाळी सात-साडेसातला दोन्ही यंत्रं पार वेड्यासारखी करायला लागली, उपग्रह गळायचे, परत यायचे. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास सूर्य बुडाल्यावर त्या थरात बुडबुडे उठतात, त्यात सिग्नलच तुटतो. तिथं गगनचंही काही चालत नाही. नशीब पोरं घरी गेली होती, नाहीतर माझी सगळी कमाई पाण्यात.)

दुसऱ्या दिवशी सहालाच निघालो. दोघे भाऊ, वनरक्षक, पटवारी, वनहक्क समितीचे चार जण आणि थोरल्याची आई, ऐंशीच्या घरातली, हातात टोपली. झाडाखाली फुलांचा सडा, पिवळसर, ओला, तो गोड उग्र वास, आणि झाडाला पान नाही, वर आभाळ सगळं उघडं. मी तिथं आधीच करायला हवं होतं ते केलं, धुरा एकदाच चाललो. दोघांना सोबत घेऊन, पाच खुणांवर थांबत, प्रत्येक ठिकाणी पाच-पाच मिनिटं यंत्र स्थिर धरून सरासरी घेतली, आणि तेच पाच पॉइंट दोन्ही नकाशांत घातले. सामाईक धुरा दोनदा मोजला की दोन रेघा येणारच, यंत्र कितीही चांगलं असो. नकाशातला तो आठ-नऊ मीटरचा पट्टा गेला.

झाड मात्र उरलं. रेघ बुंध्यापासून एक मीटरवरून गेली, धाकट्याच्या बाजूनं. आणि माझ्या मोजणीतली चूकच दोन मीटरची. मी तसं सांगितलं, की हे यंत्र या झाडाचं काही सांगू शकत नाही. पटवारी म्हणाला असं कसं, आकडा तर आलाय. म्हटलं आलाय, पण त्याच्यावर झाड देऊ नका.

तोवर म्हातारी आणि धाकट्याची बायको दोघींनी दोन बाजूंनी वेचायला सुरुवात केली होती, बुंध्याजवळ टोपल्या एकमेकींना लागल्या. म्हातारी वर न बघताच म्हणाली, "पयलेपासून अस्सेच वेचतो आमी. तुमी लिवा काय लिवाचं ते."

पंचनाम्यात झाड सामाईक लिहिलं, दोघांचे अंगठे घेतले.

मला वाटलं आता सुटलो, पण परत येताना हिशोब केला तर बॅटरी सेव्हरवाली मोजणी अकरा गावांत झालेली. ऑफिसात सांगितलं तेव्हा जी बोलणी खाल्ली ती इथं लिहीत नाही. पुढच्याच महिन्यात गगनला विमान उतरवताना उंचीचं मार्गदर्शन करायचीही मान्यता मिळाली, पेपरात बातमी वाचली तेव्हा मी फेरमोजणीच्या सातव्या गावात होतो, सकाळच्या वेळी, खिशात सेलची आठ पाकिटं. २०२२ च्या एप्रिलमध्ये राजस्थानात किशनगडला गगनच्या आधारानं इंडिगोचं विमान उतरलं, ती बातमी मी धाकट्याला फोनवर सांगितली. तो म्हणाला चांगलं झालं, आणि यंदा फुलं कमी आहेत.