पर्जन्यमापक, नोंद ४: मेल निघतो, पण पोचत नाही

वरूडकडच्या संत्रा बागेतला टिपिंग बकेटचा पर्जन्यमापक आता नीट चालतोय. बादली एकदा कलंडली की ०.२ मिमी. रास्पबेरी पाय ३ हा छोटा संगणक मोजणी करतो, आकडे भाड्याच्या होस्टिंगवर जातात आणि सकाळी ८:३० ला, म्हणजे हवामान खात्याच्या रोजच्या वेळेलाच, पीएचपी स्क्रिप्ट सात बागायतदारांना २४ तासांचा पाऊस मेलनं कळवते. मृग बहारासाठी झाडांचं पाणी तोडून दिलेला ताण पावसानं तुटला का, हे या आकड्यावरून कळतं. म्हणून मेल वेळेवर पोचणं महत्त्वाचं. स्क्रिप्टच्या लॉगमध्ये रोज ‘पाठवला’ आणि इनबॉक्स मात्र रिकामे.

पीएचपीच्या मेल फंक्शननं ‘ट्रू’ दिलं म्हणजे मेल पोचला, असं धरू नका. सर्व्हरवरच्या मेल प्रोग्रामनं तो रांगेत घेतला, एवढंच त्यातून कळतं. पुढं कुणी नाकारला तर बाउन्स, म्हणजे नकाराचा मेल, परत येतो, पण तो ‘फ्रॉम’वर नाही, रिटर्न-पाथ या परतीच्या पत्त्यावर येतो. भाड्याच्या होस्टिंगवर हा पत्ता बहुधा खात्याचं नाव आणि सर्व्हरचं नाव जोडून बनलेला असतो. ती पेटी कुणी उघडत नाही. म्हणून पहिली दुरुस्ती हीच: मेल फंक्शनच्या पाचव्या पॅरामीटरमध्ये वजा चिन्ह, छोटा एफ आणि त्याला चिकटून आपल्या डोमेनचा पत्ता. दुसऱ्याच दिवशी बाउन्स हातात आला, कोड ५५०-५.७.२६. म्हणजे पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही.

‘फ्रॉम’मध्ये जीमेलचा पत्ता होता. तो दुसऱ्या सर्व्हरवरून वापरू नका, असं जीमेलच्या नियमांतच आहे. तिथं आपल्या डोमेनचा पत्ता टाकला आणि जीमेलचा ‘रिप्लाय-टू’मध्ये नेला. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ (डोमेनच्या नावानं कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) लागतं. दोन्ही करावं, एकावर विसंबू नये.

एसपीएफमध्ये नेहमीची चूक म्हणजे जुनी नोंद तशीच ठेवून नवी टाकणं. एका डोमेनला डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, एसपीएफची एकच टीएक्सटी (मजकुराची) नोंद चालते. दोन असल्या की तपासणी कायमच्या चुकीवर थांबते आणि दोन्ही बाद. डीकेआयएमची २०४८ बिटची चावी २५५ अक्षरांत मावत नाही, तिचे दोन तुकडे अवतरणांत पाठोपाठ द्यावे लागतात. मोबाइलवरून कॉपी करताना शेवट गळतो, तो जुळवून पाहा. डीएनएस होस्टिंगपेक्षा वेगळ्या ठिकाणी असेल तर पॅनलमध्ये डीकेआयएम चालू करून भागत नाही, नोंद हातानं तिकडं टाकायची. नंतर जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडायचं. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (‘फ्रॉम’चं डोमेन या दोन्हींपैकी एकाशी जुळतं का, ही तपासणी), तिन्हींपुढं ‘पास’ दिसलं पाहिजे.

मराठी मजकुराचा घोळ वेगळा. विषयाची ओळ कच्च्या यूटीएफ-८ मध्ये न देता एमबी एनकोड माइमहेडर फंक्शनमधून काढा. मजकूर बेस६४ करून, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांत बदलून, त्याचे ओळींत तुकडे पाडा. मेलची एक ओळ ९९८ बाइटपुढं जाऊ नये असा नियम आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, ३ बाइट खातं. म्हणजे ३३२ चिन्हांतच मर्यादा संपते. तासातासाचे आकडे एका ओळीत जोडले की ती सहज ओलांडते. हेडरमधल्या ओळी तोडणाऱ्या खुणा दुहेरी अवतरणातच लिहा. एकेरीत पीएचपी त्यांना नुसती अक्षरं समजतं आणि सगळे हेडर एकमेकांना चिकटतात.

होस्टिंग बंद असताना रास्पबेरी पायवरून थेट मेल पाठवायचा विचार होता. डोंगलच्या बदलत्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) पोर्ट २५ ची, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या वाटेची, खटपट करूच नये. तो अडवलेला असतो, नाहीतर पत्ता आधीच काळ्या यादीत असतो. पोर्ट ५८७, एसएमटीपी (मेल पाठवायची पद्धत) लॉगिन आणि जीमेलचा १६ अक्षरी ॲप पासवर्ड हा धड मार्ग. शिवाय पाय ३ ला स्वतःचं घड्याळ नाही. रात्रभर लाईन गेली की नेट येईपर्यंत तो कालच्याच वेळेत असतो आणि ८:३० चा मेल भलत्याच वेळी निघतो. म्हणून डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल ३.३ व्होल्टवर जोडलं.

सहा जणांना मेल येतोय. सातव्याचा कोड ४५२-४.२.२: पेटी भरली. हा तात्पुरता नकार आहे, सर्व्हर पुन्हापुन्हा प्रयत्न करतोय. जीमेलची १५ जीबी फोनच्या फोटो-व्हिडिओंनीही भरते. तेवढे हटवायचे बाकी आहेत.