लग्नपत्रिकेपासून वाइनच्या लेबलापर्यंत : आमची वाटचाल

प्रभादेवीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात आज मुख्यतः वाइनची लेबलं आणि गिफ्ट बॉक्स तयार होतात. धंद्याची सुरुवात मात्र गिरगावात, बाबांच्या ट्रेडल छपाई मशीनवर, लग्नपत्रिकांनी झाली. पत्रिकेवरचा गणपती सोनेरी फॉइलमध्ये उठवताना सोंडेची रेघ कुठेही तुटता कामा नये, ही बाबांची शिस्त. पुढे मोबाइलवरून आमंत्रणं जाऊ लागली आणि पत्रिकांचं काम आटत गेलं. तिकडे राज्य सरकारच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर नाशिक भागात वायनरी वाढत होत्या. दिंडोरीकडच्या एका छोट्या वायनरीने पहिली ऑर्डर दिली आणि आमची गाडी या रुळावर आली.

पत्रिका आणि वाइनचं लेबल यांत मोठा फरक पाण्याचा. व्हाइट वाइनची बाटली बर्फाच्या बादलीत बसते. साधा कागद तिथे भिजून करडा पडतो, कडा सुटतात, गोंद पांढरा दिसायला लागतो. म्हणून वेट-स्ट्रेंथ, म्हणजे भिजूनही मजबूत राहणारा कागद लागतो, आणि गोंदही गार ओल्या काचेला धरून राहणारा. आम्ही प्रत्येक प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, रिकाम्या बाटलीवर चिकटवून बर्फाच्या पाण्यात ठेवतो, बाहेर काढून अंगठ्याने घासतो. फॉइल निघालं नाही, उठाव दबला नाही, तरच मशीन सुरू. जुलै-ऑगस्टमध्ये तर कागदाची रीम फोडल्या फोडल्या वळायला लागते, तेव्हा गाळ्यातला हवेतली ओल शोषणारा डीह्युमिडिफायर दिवसरात्र चालू असतो.

एवढा जीव लेबलात ओतायचं कारण आहे. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि त्यात मद्याच्या जाहिरातीला मनाई आहे. टीव्हीवरही ती चालत नाही. मग वायनरीवाल्याने गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं? दुकानाच्या फळीवर उभी असलेली बाटली, एवढीच त्याला जागा. त्यातही वैधानिक इशारा, अल्कोहोलचं प्रमाण, एमआरपी हे सगळं बसवायचं आणि उत्पादन शुल्क खात्याकडून लेबल मंजूर करून घ्यायचं. उरलेल्या चार बोटांत वाइन महाग का आहे ते सांगायचं.

हे सगळ्यांत सुंदर जमवलं फ्रान्समधल्या बोर्दोच्या शातो मूतों रोथशिल्ड या वायनरीने. १९४५ पासून त्यांनी दर वर्षीच्या लेबलासाठी वेगळा चित्रकार घ्यायचा पायंडा पाडला. दाली, शागाल, वॉरहॉल, सगळे त्या यादीत आहेत. २००९ च्या वाइनचं लेबल अनीश कपूर यांचं, म्हणजे मुंबईत जन्मलेल्या कलावंताचं. त्याची छपाई मी भिंगातून पाहिली आहे आणि मला ती फार आवडते. पण लेबलाइतकीच मोलाची गोष्ट म्हणजे दर्जा. बोर्दोची प्रसिद्ध श्रेणी १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी ठरवली, आणि ती ठरवली मुख्यतः बाजारात कोणाला काय भाव मिळतो यावरून. मूतों दुसऱ्या श्रेणीत राहिली, आणि पहिल्या श्रेणीत यायला तिला १९७३ उजाडलं. भावावरून श्रेणी, मग श्रेणीवरून भाव, हे चक्र तिथून आजतागायत फिरतं आहे.

वायनरीवाल्यांसोबत बसून हिशेब मांडायची मला सवय लागली. वाइन मुरवायचं ओक लाकडाचं बोर्दो पिंप २२५ लिटरचं, त्यातून ३०० बाटल्या भरतात. नवं पिंप हजार युरोला घेतलं तरी बाटलीमागे साडेतीन युरोही पडत नाहीत. जाड काच, लांब बूच, आमचं लेबल, सगळं धरलं तरी शेकडो युरोंच्या बाटलीचा खुलासा होत नाही. वरचा पैसा टंचाईचा आणि नावाचा असतो. फ्रान्समधल्या रोमाने-कोंती या महागड्या वाइनची बाग जेमतेम १.८ हेक्टरची, तिथे मागणी वाढली म्हणून बाटल्या वाढत नाहीत.

मुंबईत यावर करांचा थर चढतो. आयात वाइनवर वर्षानुवर्षे १५० टक्के सीमाशुल्क राहिलं, म्हणजे बंदरात हजार रुपयांना उतरलेली बाटली तिथेच अडीच हजारांची. पुढे राज्याचा कर, आयातदार, दुकान, हॉटेल. त्यामुळे फळीवरचा आकडा पाहून 'इम्पोर्टेड आहे, म्हणजे आपल्या नाशिकच्या दुप्पट चांगली असणार' असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही. त्या आकड्यातला बराच भाग द्राक्षाचा नसतोच.

२००८ मध्ये अमेरिकेत बाटली लपवून घेतलेल्या सहा हजारांहून जास्त चव-चाचण्यांचा अभ्यास झाला. किंमत माहीत नसताना, प्रशिक्षण नसलेल्या लोकांना महाग वाइन किंचित कमीच आवडली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात एकच वाइन १० डॉलरची आणि ९० डॉलरची सांगून दिली, तर महाग सांगितलेली जास्त आवडली आणि मेंदूच्या स्कॅनमध्येही तो आनंद दिसला. माझ्या धंद्यासाठी ही मोठी जबाबदारी आहे. लेबल माणसाच्या चवीपर्यंत पोचतं, म्हणून त्यावर खोटं असू नये.

आता नवीन काम घेताना आम्ही वायनरीत जातो, बाटल्या खाकी पिशव्यांत गुंडाळून त्याच भावाच्या इतर वाइनसोबत चाखतो आणि मगच डिझाइनचं बोलतो. एका ग्राहकाला वर्षभरही न मुरलेल्या रेडवर मोठ्या अक्षरांत 'रिझर्व्ह' हवं होतं. स्पेनमध्ये रेडवर 'रेसेर्वा' लिहायला किमान तीन वर्षं मुरवावी लागते, त्यातलं एक ओकमध्ये. आम्ही नाही म्हटलं आणि ते काम गेलं. दुसऱ्याने आमच्या सांगण्यावरून मागच्या लेबलावर द्राक्षाची जात, बागेचं गाव, तोडणीचा महिना आणि पिंपातले महिने छापले. त्याच्या बाटलीला जड काच नाही, फॉइलची फक्त एक बारीक रेघ आहे. यंदा त्याने ऑर्डर वाढवली आहे, आणि छोट्या वायनरींसाठी आम्हीही पाचशे लेबलांपासून काम घ्यायला सुरुवात केली आहे.