जुन्या गाडीचं सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ॲक्सल: खरेदीच्या आधी मोजमाप

जुन्या गाडीचं कस्टम काम काढलं की पहिली खरेदी बहुधा कॉइलओव्हरची (स्प्रिंग चढवलेला शॉकअप) किंवा एअरबॅगची (स्प्रिंगऐवजी हवेने फुगणारी पिशवी) होते. खरं तर ती सगळ्यात शेवटी व्हायला हवी. आधी तीन गोष्टी कागदावर पक्क्या करा: टायरचा बाहेरचा व्यास, रिमची रुंदी आणि ऑफसेट (रिम टेकते तो पृष्ठभाग तिच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे ते), आणि गाडी रस्त्यावर किती उंचीवर चालणार. खालच्या आर्मचा (चाक चेसिसला जोडणारा दांडा) कोन, टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) कोन, पिनियनचा (मागच्या ॲक्सलमध्ये ताकद आणणारा छोटा गिअर) कोन, शॉकअपची लांबी हे सगळं त्या एका उंचीवर मोजायचं असतं. उंची नंतर बदलली की ही सगळी मापं पुन्हा घ्यावी लागतात आणि वेल्ड केलेल्या ब्रॅकेटी कापाव्या लागतात.

उंची ठरवताना स्प्रिंगा काढून टाका. शॉकअपच्या जागी भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या लावा आणि खरी चाकं, खरे टायर चढवून गाडी ठरलेल्या उंचीवर उभी करा. मग पट्ट्या काढून एकेक चाक बम्प स्टॉपपर्यंत (चाकाची वरची हालचाल थांबवणारं रबर) वर न्या आणि तिथे स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. टायर मडगार्डला किंवा चेसिसला लागतो तो इथेच. उभ्या गाडीत सगळं मोकळं दिसतं, म्हणून ही पायरी बरेच जण गाळतात आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात टायरची कड कापली जाते.

मागचा ॲक्सल किती रुंद हवा

समजा मागच्या दोन्ही मडगार्डांच्या आतल्या कडांमध्ये १६८० मिमी अंतर आहे. दोन्ही बाजूंना २५ मिमी मोकळी जागा सोडली की टायरच्या बाहेरच्या भिंतीपासून दुसऱ्या टायरच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत १६३० मिमी उरतात. टायर २२५ मिमी रुंद आणि ऑफसेट +२० असेल, तर रिम जिथे टेकते त्या पृष्ठभागापासून टायर बाहेर येतो ११२.५ उणे २०, म्हणजे ९२.५ मिमी. दोन्ही बाजूंचे १८५ मिमी वजा केले की ॲक्सल १४४५ मिमी रुंद हवा. हे माप डिस्क किंवा ड्रम चढवून घ्यायचं, नुसत्या फ्लँजवरून (शाफ्टच्या टोकाची चकती) नाही, कारण डिस्कची जाडी चाक बाहेर ढकलते. आतल्या बाजूला टायर १३२.५ मिमी जातो. तिथे पाटे (लीफ स्प्रिंग), चेसिस आणि ब्रेकचा पाइप यांच्यापासून किमान २५ मिमी जागा मोकळी राहते का, तेही बघा.

ॲक्सलच्या निवडीत फोर्डचा ९ इंची (१९५७ ते १९८६) अजूनही आवडता आहे. कारण साधं आहे: क्राऊन-पिनियनचा गोळा पुढून अख्खा बाहेर येतो, त्यामुळे रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे पिनियनचे फेरे) बदलायचं काम टेबलावर होतं. त्याचं पिनियन मध्यरेषेच्या बरंच खाली असतं. त्यामुळे दातांची पकड मोठी राहते, पण दात एकमेकांवर जास्त घसरतात, म्हणजे थोडी ताकद उष्णतेत जाते. मध्यम ताकदीच्या इंजिनाला फोर्डचा ८.८ इंची ॲक्सल पुरतो. तो हलका पडतो, मात्र त्यात शाफ्ट आतल्या सी-क्लिपवर अडकलेला असतो. शाफ्ट मोडला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो, हे लक्षात घेऊनच तो निवडा. जग्वारचं १९६१ पासूनचं स्वतंत्र मागचं सस्पेन्शन दिसायला सुंदर आहे, पण त्याच्या मागच्या डिस्क आत, डिफरन्शियलला लागून असतात. त्यांची उष्णता तिथल्या ऑइल सीलना सोसावी लागते आणि ब्रेकचं प्रत्येक काम गाडीखाली आडवं होऊन करावं लागतं. रोज चालवायच्या गाडीला माझी पसंती चांगल्या लिंकवरच्या (ॲक्सल जागेवर धरणारे दांडे) सरळ ॲक्सललाच आहे.

रेशो टायरवरून ठरवा. टायरचा व्यास ६८० मिमी असेल तर वजनाखाली तो एका फेऱ्यात साधारण २.०७ मीटर जातो. ताशी १०० किमीला चाकाचे मिनिटाला ८०५ फेरे होतात. ३.५ रेशो आणि थेट टॉप गिअर असेल तर इंजिन सुमारे २८०० आरपीएमवर फिरेल, ०.७ चा ओव्हरड्राइव्ह असेल तर सुमारे १९७०. पहिला आकडा लांबच्या प्रवासात कान बधिर करतो.

पिनियनचा कोन गाडी ठरलेल्या उंचीवर, चाकांवर वजन असतानाच लावायचा. गिअरबॉक्सचा शाफ्ट मागे ३ अंश खाली झुकलेला असेल तर पिनियन ३ अंश वर, म्हणजे दोन्ही रेषा समांतर. पाट्यांवरचा ॲक्सल मात्र जोर लागला की पिनियनचं नाक वर उचलतो, म्हणून तिथे १ ते २ अंश कमी ठेवा. गिअरबॉक्सपासून पिनियनपर्यंत जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला (टोकाच्या सांध्याला) १ ते ३ अंशांचा कोन चांगला. अगदी शून्यही नको, कारण मग क्रॉसमधल्या बेअरिंगच्या सुया फिरतच नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात. पाट्यांच्या बैठका आधी फक्त वेल्डचे टाके मारून ठेवा. पक्का वेल्ड करताना २५-३० मिमीचे तुकडे, बाजू बदलत, मध्ये थंड होऊ देत करा. ॲक्सलची ट्यूब वेल्डच्या बाजूला ओढली जाते. एकदा वाकली की बेअरिंग आणि सील सतत जात राहतात, आणि दोष सीलला दिला जातो.

लिंक, पाटे आणि पॅनहार्ड रॉड

पाटे ठेवायला काहीच हरकत नाही. गाडी खाली आणायला ५० मिमीपेक्षा जाड ठोकळे मात्र नकोत. ठोकळा जितका उंच, तितकं ॲक्सलचं पिळणं वाढतं आणि चाक उड्या मारतं. त्यापेक्षा पाट्यांची कमान उतरवून घेतलेली बरी. चेसिस ॲक्सलला लागत असेल तर तिथे चेसिस कापून वरून कमानीचा तुकडा बसवावा लागतो. तो मूळ चेसिसच्या जाडीपेक्षा कमी नको.

चार लिंकच्या व्यवस्थेत वरच्या दोन लिंक तिरप्या असतील तर त्याच ॲक्सलला मधोमध धरतात. चारही समांतर असतील तर ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड (एक टोक चेसिसला, दुसरं ॲक्सलला) किंवा त्याच कामाची वॉट लिंक लागतेच. पॅनहार्ड रॉड लांब आणि ठरलेल्या उंचीवर आडवा सपाट हवा. किती फरक पडतो तो बघा: ६०० मिमीचा रॉड सपाट असेल आणि ॲक्सल ७५ मिमी वर गेला, तर तो बाजूला साधारण ५ मिमी सरकतो. तोच रॉड सुरुवातीला १० अंश तिरका असेल आणि हालचाल तिरकेपणा वाढवणाऱ्या बाजूची असेल, तर सरकणं १८ मिमी होतं. प्रत्येक उंचवट्यावर मागून कोणी ढकलल्यासारखं वाटतं ते यामुळे.

पुढचं सस्पेन्शन बदलायचं की सुधारायचं

मूळ गाडीत दोन आर्म आणि बॉल जॉइंट असतील, चेसिस सरळ असेल, तर अख्खा क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन ज्यावर बसतं तो चेसिसचा आडवा तुकडा) कापू नये असं माझं मत आहे. नवे बुश (सांध्यातली रबरी नळी), जास्त कॅस्टर (चाक ज्या रेषेभोवती वळतं ती वरून मागे झुकण्याचा कोन) देणारे वरचे आर्म, जाड अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारी दांडी) आणि चांगले शॉकअप एवढ्यावर गाडी ओळखू येणार नाही इतकी बदलते. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, त्यामुळे २२ ऐवजी २५ मिमीचा बार सुमारे ६७ टक्के कडक होतो. एकदम दोन-तीन पायऱ्या चढू नका.

फोर्डच्या मस्टँग टू (१९७४ ते १९७८) धाटणीचा क्रॉसमेंबर लागतो तो मूळ गाडीला पुढे बीम ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच सरळ ॲक्सल) असेल, किंवा नव्या इंजिनाचा संप (तळाची तेलाची टाकी) आणि स्टिअरिंग बॉक्स एकमेकांच्या आड येत असतील तेव्हा. मूळ रचनेत खालचा अरुंद आर्म पुढे-मागे एका स्ट्रट रॉडने धरलेला असतो. किटमध्ये तो रॉड काढून रुंद पायाचा आर्म देतात. जड गाडीला हाच प्रकार घ्या. मोठ्या डिस्कची काही किटं चाक बाहेर ढकलतात, तेही आधी विचारून घ्या. क्रॉसमेंबर बसवताना चेसिस गाडीच्या खऱ्या झुकावावर ठेवा. नाक २ अंश खाली असेल तर कॅस्टर तेवढाच, २ अंश कमी होतो आणि गाडी हायवेवर भटकते.

स्टिअरिंग

इथे सगळ्यात जास्त चुका बम्प स्टिअरच्या (चाक वर-खाली होताना आपोआप वळणं) होतात. स्प्रिंग काढा, स्टिअरिंग मध्यावर बांधा, हबला सपाट फळी लावा. चाक ५० मिमी खालपासून ५० मिमी वरपर्यंत १०-१० मिमीने न्या आणि दर वेळी टो (चाकाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा किती आत किंवा बाहेर आहे ते) मोजा. पूर्ण हालचालीत फरक १.५ मिमीच्या आत आला तर उत्तम. वर जाताना एकीकडे आणि खाली जाताना दुसरीकडे टो बदलत असेल तर टाय रॉडचं एक टोक चुकीच्या उंचीवर आहे: रॅक (टाय रॉड डावी-उजवीकडे ढकलणारी स्टिअरिंगची दातेरी पट्टी) वर-खाली करा किंवा बाहेरचं टोक शिमने (पातळ चकत्यांनी) हलवा. वर आणि खाली दोन्हीकडे एकाच दिशेला बदलत असेल तर टाय रॉडची लांबीच चुकली, म्हणजे रॅक जास्त रुंद किंवा अरुंद आहे. त्यावर शिमचा उपाय नाही, दुसऱ्या रुंदीचा रॅक लागतो.

रॅक ॲक्सलच्या मागून पुढे आणण्यासाठी नकल (हब धरणारा, चाकासोबत वळणारा भाग) डावे-उजवे बदलू नका. स्टिअरिंग आर्म मग उलट्या बाजूला झुकतात, आतलं चाक बाहेरच्यापेक्षा कमी वळतं, आणि पार्किंगमध्ये टायर घासत राहतात.

सरळ पुढच्या ॲक्सलवर रॅक बसवू नये. तिथे चेसिसला शेव्हरोलेट वेगा धाटणीचा स्टिअरिंग बॉक्स आणि आडवा ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) चांगला. ड्रॅग लिंक आणि पुढचा पॅनहार्ड रॉड समांतर आणि जवळपास सारख्या लांबीचे ठेवा.

मस्टँग टू धाटणीच्या पॉवर रॅकला जनरल मोटर्सचा पंप जोडला की स्टिअरिंग बोटाने फिरतं आणि सरळ रस्त्यावर गाडी दचकते. तो पंप त्या रॅकला हवा त्यापेक्षा बराच जास्त दाब देतो. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह किंवा पंपाच्या व्हॉल्व्हमधले शिम हा त्यावरचा उपाय. स्टिअरिंग शाफ्टवर एका जॉइंटचा कोन ३० अंशांच्या आत ठेवा. तीन जॉइंट लागले तर मध्ये आधाराचं बेअरिंग हवंच, नाहीतर शाफ्ट चाबकासारखा हलतो.

आता स्प्रिंग

स्प्रिंगचा आकडा अंदाजाने घेऊ नका. पुढच्या एका चाकावरचं वजन काढा, त्यातून चाक, ब्रेक आणि निम्मा आर्म वजा करा. समजा ३५० किलो उरले. चाक १० मिमी हललं की स्प्रिंग ६ मिमी दबत असेल तर प्रमाण ०.६. आरामदायी पण डोलणार नाही अशा गाडीला सेकंदाला १.३ कंपनं ठीक. त्यासाठी चाकापाशी साधारण २३.४ न्यूटन प्रति मिमी ताकद हवी. ती ०.६ च्या वर्गाने, म्हणजे ०.३६ ने भागली की ६५ न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग येते, म्हणजे साधारण ३७० पाउंड प्रति इंच. ही स्प्रिंग गाडी उभी असताना ८८ मिमी दबलेली असेल. मोकळी लांबी त्या हिशोबाने निवडा. उभ्या गाडीत कॉइलओव्हरच्या एकूण प्रवासातला साधारण ६० टक्के दबण्यासाठी आणि ४० टक्के उघडण्यासाठी शिल्लक हवा. तिरका लावला तर ताकद कमी होते: उभ्या रेषेपासून ३० अंशांवर सुमारे तीन चतुर्थांशच उरते.

एअरबॅग घ्यायची असेल तर अलाइनमेंट चालवायच्या उंचीवर करा आणि गाडी नेहमी त्याच उंचीवर चालवा. फुगलेली बॅग कुठल्याही धारेला, ब्रॅकेटला किंवा एक्झॉस्टला टेकता कामा नये.

रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. हवेत लटकताना आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पॉलियुरेथेन बुशला सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर चरचरतो. मागच्या लिंकना हवा तो पीळ कडक बुशमध्ये मिळत नाही, तिथे रबर किंवा फिरणारा जॉइंटच चांगला.

रेडियल टायर आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर कॅस्टर ४ ते ५ अंश, कॅम्बर (चाकाचं वरून आत-बाहेर झुकणं) उणे अर्धा अंश, टो-इन दोन्ही चाकं मिळून १.५ ते ३ मिमी. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडचा निमुळता भाग नकलमध्ये पूर्ण बसतो का, हे निळा रंग लावून तपासा. कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळा, मागे कधीच सोडू नका. स्टिअरिंगच्या सगळ्या बोल्टांना १०.९ ग्रेड वापरा, स्टिअरिंग आर्म किंवा नकलवर वेल्डिंग करू नका, आणि त्यांना क्रोमही चढवू नका: त्या प्रक्रियेत हायड्रोजन शिरून पोलाद ठिसूळ होऊ शकतं. पहिल्या १०० किमीनंतर यू-बोल्ट, लिंकचे बोल्ट आणि चाकाचे नट टॉर्क रेंचने पुन्हा बघा, आणि पाटे बसले की अलाइनमेंट परत करून घ्या.